कोकणातल्या सिनेगॉगची पश्चिम भिंत

प्रश्न असा आला आहे: "रायगड जिल्ह्यात फिरताना दोन-तीन जुनी सिनेगॉगं पाहिली. बाहेरून एखाद्या बऱ्या स्थितीतल्या घरापलीकडे काही वाटलं नाही. एकाला तर कुलूपच होतं. यात 'सिनेगॉग स्थापत्य' म्हणावं असं नेमकं काय आहे? आणि ज्यांची ती, तो समाजच निघून गेल्यावर या इमारती कोणी, कशासाठी आणि कशा राखायच्या?"

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आणि नोंदणीचं काम करते. उत्तर थोडं लांबेल.

बाहेरून काही दिसलं नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. यहुदी धर्मात प्रार्थनास्थळाचा बाह्य आकार ठरलेला नाही. शिखर हवं, मिनार हवा, घुमट हवा असं काही बंधन नाही. त्यामुळे सिनेगॉग ज्या मुलखात उभं राहिलं, तिथल्या गवंडी-सुतारांच्या हातचं दिसतं. कोचीतल्या मट्टांचेरीचं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग (१५६८) केरळच्या उतरत्या छपरांत मिसळून गेलं आहे. अहमदाबादचं मागेन अब्राहम १९३४ चं, म्हणून त्यावर आर्ट डेको या तेव्हाच्या शैलीची छाप. पुण्याचं ओहेल डेव्हिड, म्हणजे आपलं लाल देऊळ, विटांचा सुमारे ९० फुटी मनोरा घेऊन एखाद्या इंग्लिश चर्चसारखं उभं आहे. आणि कोकणातलं सिनेगॉग कोकणातल्या घरासारखं: जांभ्याचा चिरा, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब, वर मंगळुरी कौलं. साधेपणा हीच त्याची शैली आहे, आणि ती दरिद्री नाही.

स्थापत्य आत आहे. आत दोन जागा शोधायच्या. एक हेखाल: भिंतीतलं किंवा भिंतीला लागून असलेलं कपाट, पुढे पडदा. त्यात सेफेर तोरा, म्हणजे तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या असतात. आपल्याकडच्या परंपरेत गुंडाळी लाकडी किंवा धातूच्या गोल डब्यात उभी ठेवतात आणि तशीच उभी उघडून वाचतात. दुसरी जागा तेवा: दालनाच्या मधोमध कठड्याचं उंच व्यासपीठ, जिथून हझान प्रार्थना चालवतो. बाकी सगळं या दोन जागांमधल्या अंतरावर बेतलेलं. वाचनाच्या वेळी गुंडाळी हेखालातून निघते, माणसांमधून तेव्याकडे येते आणि वाचून झाल्यावर परत जाते. बाकं तेव्याभोवती असतात, कारण बसलेल्या माणसाला दोन्ही दिसलं पाहिजे. वरचा सज्जा बायकांचा. हेखालासमोर नेर तामीद, अखंड तेवता दिवा. ब्रीत मिला, म्हणजे सुंतेच्या विधीसाठी एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची खुर्ची. चर्चमध्ये किंवा देवळात तुमची नजर एका टोकाकडे ओढली जाते. इथे ती दोन ठिकाणांमध्ये ये-जा करते. आत रिकाम्या दालनात उभं राहून हे कळतच नाही, प्रार्थना चालू असताना लगेच कळतं.

केरळात याला आणखी एक जोड आहे. तिथल्या सिनेगॉगांमध्ये वर, बायकांच्या जागेपुढच्या सज्ज्यात दुसरा तेवा असतो आणि ठरावीक प्रसंगी वाचन तिथून होतं. आपल्या कोकणात तो नाही. बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना, प्रार्थनेची रीत शिकवायला कोचीहून माणसं येत, पण इमारतीची ही खुबी मात्र त्यांच्याबरोबर आली नाही.

आता इतिहास, कारण इमारतींकडून अपेक्षा किती ठेवायची ते त्यावरून ठरतं. बेने इस्रायल परंपरेप्रमाणे अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्राला मिळाले. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं, अशी समजूत आहे, आणि ती जागा समाज आजही मानतो. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडली: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर. सिनेमातले डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

या साऱ्या काळात त्यांच्याकडे सिनेगॉग नव्हतं. शेमा ही प्रार्थना तोंडपाठ होती, सुंता आणि शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा शनिवार, पाळला जाई, बाकी धर्म घरात. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दारफाळणीचा सण म्हणत. घराचं दार लावून घेऊन उपास करायचा. पहिलं सिनेगॉग आलं १७९६ मध्ये, मुंबईत मांडवीला. ते बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि सुटकेचा नवस म्हणून सिनेगॉग बांधलं, असं समाज सांगतो. त्याचं नाव शार हारहमीम, दयेचं द्वार. तोराच्या गुंडाळ्या मिळवायला ते कोचीला गेले आणि तिथेच १७९७ मध्ये वारले. इमारत १८६० मध्ये आजच्या जागेवर आली आणि तो रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट आहे. बेने इस्रायल स्वतः सिनेगॉगला मशीदच म्हणत. शेजारच्या मशीद बंदर स्टेशनाला नाव त्यावरूनच पडलं, असं मुंबईत बरेच जण मानतात.

त्यानंतर कोकणातली रांग लागते: रेवदंडा १८४२, अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ १८४८ (आजची इमारत १९१० ची), पनवेल १८४९, पेण १८६३. शिवाय रोहा-अष्टमी, मुरूड, नांदगाव, बोर्ली, म्हसळा, पोयनाड, आंबेपूर. थोडक्यात, कोकणातलं सगळ्यात जुनं सिनेगॉग दोनशे वर्षांचंही नाही. समाजाची त्याआधीची आठवण इमारतीत सापडणार नाही. ती नवगावच्या कबरींत आहे, एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण म्हणून मानल्या जाणाऱ्या, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर आहे, आणि पोहे, खोबरं, साखर, फळं घालून केलेल्या मलिद्याच्या ताटात आहे. सिनेगॉग वाचलं म्हणजे सगळं वाचलं असं समजून कामाला लागणारे लोक भेटतात, म्हणून हे सांगितलं.

मुंबई-पुण्याची मोठी सिनेगॉगं निराळी. ती बगदादी यहुद्यांची, मुख्यतः ससून घराण्याच्या पैशाची. भायखळ्याचं मागेन डेव्हिड (१८६१), पुण्याचं लाल देऊळ (१८६३ ला सुरू, १८६७ ला पूर्ण, डेव्हिड ससूनची कबर तिथेच) आणि काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू (१८८४). शेवटच्याची उत्तम डागडुजी होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे पैसा आहे, पर्यटक आहेत, नाव आहे. आपला प्रश्न म्हसळ्या-बोर्लीचा आहे.

तांत्रिक बाजू मी जरा रेंगाळून सांगणार आहे, कारण बहुतेक लेखांत ती नसते. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून करायची असते. कोकणातून ती दिशा पश्चिम, म्हणून हेखाल पश्चिमेच्या भिंतीला. जागेच्या अडचणीने कुठे थोडं वळलेलं असेल, पण साधारण नियम हाच. आणि कोकणात पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाळ्यात सर्वांत जास्त झोडपली जाणारी भिंत. आपल्या घरात आपण तिथे पडवी काढतो, झाप बांधतो, न्हाणीघर ढकलतो. सिनेगॉगमध्ये नेमकी तीच भिंत सगळ्यात पवित्र. तिच्यात कपाट कोरलेलं, म्हणजे तिथे भिंतीची जाडीही कमी. आत मखमलीचा पडदा, लाकूड आणि चामड्यावर लिहिलेलं बाड. ओल सगळ्यात लवकर पोचते ती इथेच.

समाज गावात असताना हे चालून जात होतं, कारण दर शनिवारी कोणीतरी ते कपाट उघडत होतं. वारा लागायचा, वास आला तर लक्षात यायचं, मुकादमाच्या, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखाच्या कानावर जायचं, आणि पावसाआधी शाकारणी करून घेतली जायची. बंद इमारतीत हे थांबतं. चार कौलं सरकतात, रिपा भिजतात. साग तग धरतो, पण रिपा सहसा हलक्या लाकडाच्या असतात. त्या गेल्या की कौलांची अख्खी ओळ खाली बसते. मग पन्हळीतलं पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरायला लागतं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असेल तर त्यातून वाफ बाहेर पडते आणि भिंत दसऱ्यानंतर हळूहळू सुकते. सद्भावनेने कोणी देणगी देतं आणि त्यातून "पक्कं" काम म्हणून सिमेंटचा गिलावा होतो, वर ऑइलपेंट. पहिली दोन वर्षं झकास दिसतं. मग पाणी आतच कोंडतं, लोणा आतल्या बाजूने फुटतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, आणि हेखालाच्या मागच्या फळीला वाळवी लागते. कोकणातल्या जुन्या प्रार्थनास्थळांचं, मग ती कोणाचीही असोत, पावसाने जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं सिमेंटने केलं आहे, असं माझं मत आहे.

म्हणून क्रम असा: आधी छप्पर, मग पन्हळ, मग जोत्याभोवतीचा पाण्याचा निचरा. रंग आणि फरशी सगळ्यात शेवटी. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरायच्या त्या चुन्यानेच, आणि चुना मुरायला वेळ द्यायचा. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून हे काम होत नाही.

इमारत रिकामी झाली असली, लाकूडकाम हललं असलं, तरी ती वाचता येते. मुख्य दारातून आत जाताना उजव्या हाताच्या चौकटीवर, खांद्याच्या आसपास, खिळ्यांची दोन भोकं आणि मधे रंग न उडालेली बोटभर पट्टी दिसली, तर तिथे मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा ठेवलेली छोटी डबी होती. दालनाच्या मधोमध फरशीचा रंग किंवा नक्षी चौकोनात बदलते, तिथे तेवा. छताच्या तुळयांना आकड्यांची रांग असेल तर तेलाचे काचेचे दिवे टांगत. ते आकडे काढून टाकू नका. दिवे कसे मांडले होते याचा दुसरा पुरावा बहुधा उरलेला नसतो.

पाट्या नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी हिब्रूबरोबर मराठी मजकूर असतो, कोणी बाक दिला, कोणी दिवा, कोणाच्या स्मरणार्थ. साल हिब्रू अक्षरांत असतं आणि त्यात हजाराचा आकडा गाळतात. समजा, तव, रेश आणि ऐन अशी अक्षरं आहेत. तव ४००, रेश २००, ऐन ७०; बेरीज ६७०, म्हणजे यहुदी सन ५६७०. त्यातून ३७६० वजा केले की १९१०. यहुदी वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे नववर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ३७६१ वजा करायचे. एवढं येत असलं तर बंद दाराबाहेरूनही बरंच काही समजतं.

आता "समाजच निघून गेला" याबद्दल. युरोपातली विस्मृती आणि आपल्याकडची, यांची सरमिसळ करू नये. पोलंडमधली लाकडी सिनेगॉगं नाझींनी माणसांसकट संपवली. आज त्यांच्याबद्दल जे कळतं, त्यातलं बरंचसं दोन महायुद्धांमधल्या काळात वॉर्सा पॉलिटेक्निकच्या मंडळींनी मोजमापं घेऊन नकाशे काढून ठेवले म्हणून. ग्वोझ्दियेत्सच्या सिनेगॉगचं रंगवलेलं छत अशाच जुन्या नोंदींवरून पुन्हा करून वॉर्साच्या पोलिन संग्रहालयात उभारलं आहे. आपल्याकडे कोणी कोणाला हाकललं नाही. १९४८ नंतर लोक आपखुशीने इस्रायलला गेले. काही त्याआधीच नोकरीधंद्यासाठी मुंबईला आले होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत भारतात पंचवीस हजारांहून अधिक यहुदी होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. जे गेले ते अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद, रामला इथे आहेत. तिथेही त्यांच्या वाट्याला सगळं सुखाचं आलं नाही. लग्नसंबंधांच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली आणि आंदोलनानंतर १९६४ मध्ये तो वाद मिटला. पण समाज आहे, मलिदा होतो, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत आलं आहे. तेव्हा हरवला आहे तो आपला, म्हणजे मागे राहिलेल्या शेजाऱ्यांचा दुवा. इस्रायल आळी हे नाव ऐकून "तिकडचे लोक इथे कशाला आले होते?" असं विचारणारी मुलं मला अलिबागमध्येच भेटली आहेत.

सिनेगॉग बंद पडण्याचं कारण बहुतेकदा छप्पर नसतं. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहाचे नऊ झाले की तोराचं जाहीर वाचन थांबतं. मग सणापुरतं मुंबई-ठाण्याहून माणसं बोलवायची. तेही जमेनासं झालं की गुंडाळ्या दुसऱ्या सिनेगॉगला किंवा इस्रायलला जातात, आणि मागे उरतं ते दालन. इमारत धडधाकट असतानाच तिचं काम संपलेलं असतं.

त्यानंतर काय होतं, ते केरळात पाहून घ्या, कारण ते आपल्यापुढे काही पावलं आहेत. मट्टांचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं कोरीव लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये नेलं. तिथे ते सुरेख राखलं आहे, हजारो लोक बघतात. इकडे उरलेला सांगाडा गोदामासारखा वापरात राहिला, आणि २०१९ च्या पावसाळ्यात त्याची भिंत कोसळली. माळा गावचं सिनेगॉग समाजाने निघताना, १९५५ मध्ये, स्थानिक पंचायतीकडे सोपवलं. पुढे तिथल्या दफनभूमीच्या वापरावरून वाद झाले. चेंदमंगलम आणि परावूर इथे सरकारी पुढाकाराने दुरुस्ती झाली, संग्रहालयं झाली. तिघांपैकी मला शेवटचा मार्ग बरा वाटतो, पण पूर्ण समाधान देत नाही. तिथे हेखाल आहे, तेवा आहे, माहितीफलक आहेत. कोण कुठे बसत असे, कुठल्या दाराने बायका वर जात, हे सांगणारं कोणी नाही.

म्हणून मोजपट्टीइतकंच महत्त्वाचं काम विचारण्याचं आहे, आणि ते मराठीत होतं हा आपला मोठा फायदा. म्हसळ्यात किंवा रोह्यात लहानपण गेलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. व्हिडिओ कॉलवर इमारतीचा नकाशा समोर ठेवून विचारावं: मुकादम कुठे बसे, त्याचा मदतनीस चौगुला कुठे, पायताणं कुठे काढायची, मलिदा इथे व्हायचा की घरी, सज्ज्याचा जिना आतून होता की बाहेरून? "तुमच्या आठवणी सांगा" असं विचारलं की भाषण मिळतं. जिना विचारला की त्या जिन्यावरून पडलेल्या चुलतभावापर्यंत सगळं येतं. आळीतल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनाही विचारा. शनिवारी विस्तव पेटवायला बोलावलेली मुलं आज आजोबा झाली आहेत, आणि किल्ली पुष्कळदा त्यांच्याच घरी असते.

मालकीचं सांगायचं तर ही सिनेगॉगं बेवारस नाहीत. ती सामान्यतः नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या नावावर असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे अशी मिळकत विकायला, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला, धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. विश्वस्त बहुधा मुंबई-ठाण्यात असतात आणि वयस्कर असतात. त्यांना "आम्ही वारसा वाचवायला आलोय" असं पत्र पाठवलंत तर उत्तर येणार नाही. अशी पत्रं त्यांना फार येतात. छपराचे फोटो, फुटलेल्या कौलांचा अंदाज आणि स्थानिक गवंड्याचा खर्चाचा आकडा पाठवा, उत्तर येईल.

तुम्हाला दिसलेल्या कुलूपबंद इमारतीसाठी एवढंच करा. आधी आळीत किल्ली कोणाकडे ते विचारा. शुक्रवारी सूर्यास्तानंतर आणि शनिवारी जाऊ नका. आत जाताना डोकं झाका. हेखाल स्वतः उघडू नका, आणि कागदांचा जुना गठ्ठा दिसला तर हात लावू नका. देवाचं नाव असलेली जीर्ण पानं टाकत नाहीत, विधिपूर्वक पुरतात, आणि ते काम समाजाचं आहे. पश्चिमेच्या भिंतीचे आतून-बाहेरून फोटो काढा, तारीख टाका. गणपतीच्या सुमारास पुन्हा जाऊन तेच फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवले की ओल कुठून उतरते ते गवंड्याला वेगळं सांगावं लागत नाही.